मुस्कादेला मानवेल असं जेवण

भूक लागली म्हणून माणूस जेवतो, हा समज सुशिक्षित घरांतून आता जवळजवळ हद्दपार झाला आहे. आमच्या ताईच्या घरात तो बराच काळ तग धरून होता, पण भाऊजींनी अखेर त्याला उंबऱ्याबाहेर काढलं.

भाऊजी म्हणजे ताईचे यजमान, पेशाने लिफ्ट-तपासनीस. (चालू लिफ्टविषयी ते शक्यतो बोलत नाहीत.) त्यांनी वाइन चाखण्याचा एक वर्ग केला आणि तेव्हापासून पाणीसुद्धा ग्लास गोल गोल फिरवूनच पिऊ लागले. वर्ग संपताना त्यांना एक बाटली बक्षीस मिळाली. फ्रान्सच्या पश्चिमेला, लुआर नदी समुद्राला मिळते त्या भागातली पांढरी वाइन, नाव मुस्कादे. आमच्या काकांना जरा कमी ऐकू येतं. त्यांनी ‘मुस्काटात दे’ असं ऐकलं आणि शांतपणे विचारलं, “कुणाच्या?”

बाटली भाचीच्या लग्नाच्या बैठकीला उघडायचं ठरलं. मुलगा भाचीने आधीच पसंत केला होता. मात्र मुलाचे वडील फ्रान्सला राहून आलेत हे कळलं आणि भाऊजींची झोप उडाली. त्यांच्या मते दोन माणसांचं जुळणं सोपं. वाइनचं आणि जेवणाचं एकदा फिसकटलं की तिथे समजूत घालायलाही कुणी नसतं.

मग आठवडाभर पदार्थांची छाननी चालली. ताईची मसालेदार कोंबडी ‘वाइनवर खेकसते’ म्हणून बाद झाली. अंड्यापुढे वाइन म्हणे गप्प बसते. टोमॅटो आंबट आणि वाइनही आंबट, म्हणजे एका ताटात भाऊबंदकी. लसणाचं तर नावही काढायचं नव्हतं. ताईने विचारलं की मीठ तरी घालू ना, तेव्हा भाऊजींनी विचाराला मुदत मागितली. नव्वद टक्के स्वयंपाक असा नामंजूर झाल्यावर वाफवलेला मासा, उकडलेला बटाटा आणि पाव एवढंच शिल्लक राहिलं.

“बाबा, हे आजाऱ्याचं जेवण आहे,” भाची म्हणाली. “ते लोक उठून जातील.”

“वाइन नाजूक आहे,” भाऊजी म्हणाले. भाची आपल्या खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

रविवारी दुपारी मुलाकडची मंडळी आली. ग्लास भरले गेले. मुलाच्या वडिलांनी घोट घेतला, डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. भाचीने पदराचं टोक बोटाला इतकं गुंडाळलं की बोट पांढरं पडलं.

“ओल्या दगडाचा वास येतो ना?” भाऊजींनी हळूच विचारलं.

“येतो. नदीतल्या.”

“मला समुद्राकाठच्या वाटला.”

“हो, समुद्राकाठच्याच. नदी तिथेच तर मिळते.”

दोघांचे डोळे पाणावले. काकांनीही दीर्घ श्वास घेऊन आपल्याला पावाचा वास येतो असं जाहीर केलं. (त्यांच्या हातात पावच होता.)

मुलाच्या आईने माशाचा एक घास घेतला, सावकाश गिळला आणि ताईला स्वयंपाकघर कुठे आहे ते विचारलं. तिथे ओट्यावर, उलट्या परातीखाली, ताईने भाऊजींच्या चोरून केलेली कोंबडी होती. थोड्या वेळाने मुलगा आणि भाचीही पाणी प्यायच्या निमित्ताने आत आले. चौघंजण ओट्याशी उभ्या उभ्या बोटं चाटत जेवले.

“आमच्या घरीही हेच चालतं,” मुलाची आई म्हणाली. “फ्रान्सला हे होते एका गोदामात. दूध प्यायचे. वाइन शिकले इकडे येऊन.” मग तिने भाचीच्या पानात मोठासा तुकडा वाढला. “मुलगी आम्हाला पसंत आहे. थोडी कोंबडी बांधून द्या.”

बाहेर मात्र दोन्ही व्याह्यांची खात्री पटली की हे लग्न मुस्कादेने जमवलं. हे ज्ञान घरात ठेवणं बरं नव्हे म्हणून त्यांनी मिळून वर्ग काढला. त्याला इतकी गर्दी होते की हुंगायला पाळ्या लावाव्या लागतात.

भाची सुखात आहे, हे तुम्ही सौजन्याने ऐकून घेतलंत. पण मघापासून तुमच्या मनात एकच प्रश्न घोळतोय, हे मला दिसतंय: मग मुस्कादेबरोबर खरं खायचं तरी काय? वर्गात तुमची जागा धरून ठेवली आहे. येताना जेवून या.