टॉडसाहेबाची कोरडी जागा

सिंगापूरला, बेडोकच्या आमच्या ब्लॉकमध्ये, सातव्या मजल्यावर, दाभोळच्या एका गृहस्थांच्या हॉलमध्ये स्कॉटलंडमधल्या टॉड घराण्याची वंशावळ भिंतभर लावलेली होती. इतरांच्या घरात जिथे देवांचे फोटो किंवा निदान एखादं कॅलेंडर असतं, तिथे जहाजाच्या ड्रॉइंगचे जुने कागद उलटे करून एकाला एक चिकटवलेले, आणि त्यांवर सहा पिढ्यांचे टॉड चौकोनांत बसवलेले. हे गृहस्थ टॉड नव्हते. त्यांचं नाव वसंत खडपे. टॉडांशी त्यांचं लांबचंही नातं नव्हतं. मी एकदा त्यांना त्यांच्या स्वतःच्या पणजोबांचं नाव विचारलं, तर बराच विचार करून म्हणाले, "असेल काहीतरी."

आमची ओळख जिन्यात झाली. लिफ्ट सहाव्या मजल्यावर थांबायची आणि सातव्यावर राहणाऱ्यांनी एक जिना चढायचा, असा त्या ब्लॉकचा न्याय होता. मी पुण्याहून नुकताच आलो होतो, कंप्यूटर कंपनीत नोकरीला. हातातली पोह्यांची पिशवी बघून खडपेकाकांनी मला ओळखलं. मराठी का, पुण्याचा का, टायपिंग येतं का, असे तीन प्रश्न त्यांनी विचारले आणि वीस पायऱ्या संपेपर्यंत मी त्यांचा सेक्रेटरी झालो होतो, तेव्हा नुसता पेन्शनच्या पत्रांपुरता. नाव सांगूनही त्यांनी मला शेवटपर्यंत 'पुणेकर' अशीच हाक मारली.

काका जहाजावरून चीफ इंजिनियर म्हणून निवृत्त झाले होते. बायको गेलेली, मूलबाळ नाही. जहाज सुटलं होतं, पण जहाजाची शिस्त सुटली नव्हती. सकाळी आठ ते बारा वॉच, म्हणजे ड्यूटीची पाळी, आणि तीत टॉडांचं काम. बारानंतर कुणी टॉडांचं नाव काढलं तरी ते चिडत. टेबलावर एक जाडजूड लॉगबुक, बोटीवर असते तशी रोजच्या नोंदींची वही. त्यात शाईनेच लिहायचं, खोडरबर वर्ज्य. चूक झाली तर तिच्यावर एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला सही करायची. कुठलाही मुद्दा निघाला की त्यांचं एकच वाक्य यायचं: "लॉगमध्ये नसेल तर झालंच नाही." मी एकदा सांगितलं की कॉलेजात असताना मी शंभर मीटरमध्ये पहिला आलो होतो. काकांनी सर्टिफिकेट मागितलं. ते पुण्याला होतं. "म्हणजे झालंच नाही," काका म्हणाले, आणि माझ्या बायकोने, मंजिरीने, त्यांना दुसरा कप चहा दिला.

आता टॉडसाहेब कोण ते सांगतो. रॉबर्ट ग्रॅहम टॉड. खडपेकाका बाविसाव्या वर्षी पहिल्यांदा बोटीवर चढले, सर्वांत खालचे, फिफ्थ इंजिनियर म्हणून, तेव्हा हा त्यांचा चीफ. लालबुंद चेहरा, तोंडात शिवी, आणि बोटांनी इंजिनाचा ताप ओळखणारा. पुढच्याच वर्षी तो सिंगापूरच्या हॉस्पिटलात न्यूमोनियाने गेला. पुरताना हजर दोघंच, कंपनीचा एजंट आणि खडपे. एजंट छत्री घेऊन लवकर गेला. पुढे काका इथेच स्थायिक झाले आणि दर महिन्याला वायर ब्रश घेऊन साहेबाच्या थडग्यावरच्या दगडाची साफसफाई करू लागले. मला एकदा बरोबर नेलं. दगड असा घासला की मला वाटलं, आता तेल घालतात की काय.

मग पेपरात नोटीस आली. त्या जुन्या दफनभूमीच्या जागी घरं होणार होती. ज्यांचे कुणी नातेवाईक असतील त्यांनी मुदतीत अर्ज करून अवशेष ताब्यात घ्यावेत. ज्यांना कुणी नाही, त्यांचं दहन होऊन राख समुद्रात सोडली जाणार होती. यात वाईट काही नव्हतं. पण काकांचा चेहरा उतरला.

"साहेबाला समुद्र नको," ते म्हणाले. "साहेब म्हणायचा, चाळीस वर्षं पाण्यावर काढली, मेल्यावर मला कोरड्या जागी ठेवा."

मी आपला सोपा मार्ग सुचवला. तुम्हीच नातेवाईक म्हणून लिहा, कोण तपासतंय? "खोटी नोंद?" काका एवढंच म्हणाले, आणि चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मला मनातून बरंच वाटलं, कारण चार दिवस टायपिंग नव्हतं. पाचव्या दिवशी सकाळी आठला बेल वाजली. टॉडांचा खरा वारस शोधायचा होता. दोन वर्षांची मुदत होती.

सुरुवात इथल्या दफनाच्या रजिस्टरपासून झाली. त्यात नाव, वय आणि गाव मिळालं, स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं एक मच्छीमारांचं गाव. शहरातल्या एका चर्चच्या वाचनालयात तिकडच्या जुन्या नोंदींच्या मायक्रोफिल्म मागवता यायच्या. दर शनिवारी काका तिथे मशीनसमोर बसत आणि दोनशे वर्षांपूर्वीच्या पाद्र्यांचं अक्षर लावत. येताना बसने लिटिल इंडियाला उतरून चणाडाळ घ्यायचे आणि डाळीच्या पिशवीतच टॉडांचे बाप्तिस्मे घरी आणायचे. त्या गावावर त्यांचा जीव जडला. तिकडेही पहिल्या नातवाला आजोबांचं नाव ठेवतात हे कळल्यावर तर ते मंजिरीला खास सांगायला आले. "आपल्यासारखंच आहे हो. माणसं चांगली असणार." या चांगल्या चालीमुळे गावात जो तो रॉबर्ट नाहीतर डेव्हिड होता, हा भाग वेगळा.

पण काकांना रस्ता सापडला होता. रॉबर्ट ग्रॅहम टॉड, म्हणजे ग्रॅहम टॉडचा मुलगा रॉबर्ट. रजिस्टरात ग्रॅहम टॉड मिळाला. त्याला रॉबर्ट नावाचा मुलगा मिळाला. तिथून वर चढत काका सहा पिढ्या मागे गेले. चौदा महिने लागले. मी शंभरावर पत्रं टाइप केली. आमची सहा वर्षांची मुलगी शाळेत इतर मुलं कविता म्हणतात तसे टॉड म्हणून दाखवायला लागली. "खडपे अंकलचा फॅमिली सो बिग लाह," असं तिने इथल्या इंग्रजीत बाईंना सांगितलं होतं.

मग तिकडच्या नोंदणी कार्यालयातून उत्तर आलं. अतिशय सभ्य पत्र होतं. तुम्ही म्हणता तो ग्रॅहम टॉडचा रॉबर्ट चौथ्या वर्षी घटसर्पाने वारला, सोबत दाखला जोडला आहे. आणि जाता जाता एक खुलासा: आमच्याकडे मधलं नाव वडिलांचं नसतं. ते बहुधा आईच्या माहेरचं आडनाव असतं.

मी ते पत्र मोठ्याने वाचलं. माणसाच्या नावाच्या मध्ये त्याचा बाप असतो, यात शंका घेण्यासारखं काही आहे असं चौदा महिन्यांत ना काकांच्या मनात आलं, ना माझ्या. मी खुळ्यासारखा हसलो. काका हसले नाहीत. त्यांनी लाल पेन घेतलं, स्टुलावर चढले आणि भिंतीवरच्या सहा पिढ्यांवर, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, एकच सरळ रेघ मारली. खाली उतरून बाजूला सही केली.

"उघडा," ते म्हणाले. "चुकीचं बसलं असेल तर सगळं उघडायचं आणि पहिल्यापासून बसवायचं. किती वाजले?"

साडेदहा झाले होते. वॉचचा दीड तास शिल्लक होता. त्यांनी शेजारच्या भिंतीवर नवीन कागद लावायला घेतले.

त्या दिवसांत मला त्यांचा राग यायचा आणि कौतुकही वाटायचं. एवढं कशासाठी, हे मंजिरीने त्यांना सरळच विचारलं. आईबापांसाठी कुणी करत नाही इतकं तुम्ही एका जुन्या साहेबासाठी का करता? काकांनी कपातला चहा ढवळला. साखर ते घेत नसत. "साहेब होता माझा," ते म्हणाले, आणि विषय बदलला.

या खेपेला आईच्या आडनावाने शोध सुरू झाला. इझाबेला ग्रॅहम हिचं डेव्हिड टॉडशी लग्न झाल्याची नोंद सात महिन्यांनी मिळाली. त्यांना चार मुलं, तिसरा रॉबर्ट. पण त्यापुढच्या, अलीकडच्या काळातल्या नोंदी फिल्मवर बघायला मिळत नव्हत्या आणि मुदत संपायला दोन महिने उरले होते. तेव्हा काकांनी त्या गावच्या पोस्टमास्तरला पत्र लिहिलं: आपल्या गावात टॉड आडनावाचं कुणीही असेल त्याच्या हातात सोबतचं पाकीट द्यावं. अशी पत्रं त्यांनी आठवड्याला एक पाठवली. मला वाटतं पोस्टमास्तर कंटाळला असावा, कारण पाचव्या पत्राला उत्तर आलं.

मिस जीन टॉड. रॉबर्टच्या भावाची मुलगी, निवृत्त शिक्षिका, वय त्र्याऐंशी. थरथरत्या पण नीटस अक्षरात तिने लिहिलं होतं की मला प्रवास झेपणार नाही, माझ्या वतीने रॉबर्टकाकांची व्यवस्था मिस्टर खडपे यांनी करावी, आणि राख इकडे पाठवावी. आजीआजोबांच्या शेजारी, टेकडीवर जागा आहे. जागा चांगली कोरडी आहे, असंही लिहिलं होतं. ते वाक्य काकांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं.

मुदतीच्या आठ दिवस आधी आम्ही कार्यालयात गेलो. काकांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. अर्जात 'मृताशी नातं' असा रकाना होता. काकांनी त्यात मोठ्या अक्षरांत लिहिलं: फिफ्थ इंजिनियर. काउंटरवरच्या मुलीने ते दोनदा वाचलं.

"अंकल, धिस वन नॉट फॅमिली लाह," ती अदबीने म्हणाली.

काकांनी जीनचं अधिकारपत्र पुढे केलं, त्यामागे सगळे दाखले, प्रत्येकाला दोऱ्याने नंबर बांधलेला. मुलीने सगळं पाहिलं, आतल्या अधिकाऱ्यांना दाखवून आणलं आणि शिक्का मारला.

घरी आल्यावर त्यांनी मला बसवून घेतलं आणि लॉगबुक उघडलं. बारा केव्हाच वाजून गेले होते. वॉच संपल्यावर त्यांना ते उघडताना मी पहिल्यांदाच पाहिलं. बराच वेळ लिहीत होते. मग वही माझ्याकडे सरकवली.

त्यात चाळीस वर्षांपूर्वीच्या एका दुपारची नोंद होती. बंगालच्या उपसागरात मेन इंजिनाचं बेअरिंग तापून जळालं, जहाज दहा तास उभं राहिलं. कारण: ड्यूटीवरचा फिफ्थ इंजिनियर व्ही. खडपे तेलाकडे न बघता पत्र वाचत बसला होता.

"कोलंबोला मिळालं होतं," काका म्हणाले. "वडील गेल्याचं. तिसऱ्यांदा वाचत होतो. लॉगमध्ये माझं नाव पडलं असतं तर पुन्हा कुठल्या बोटीवर पाय ठेवता आला नसता. साहेबाने नुसतं लिहिलं, बेअरिंग तापलं, बदललं. नाव लिहिलंच नाही. मी रडत होतो. तर म्हणाला, पोरा, लॉगमध्ये नसेल तर झालंच नाही."

इतकी वर्षं ज्या वाक्याने ते आम्हा सगळ्यांना गप्प करत आले होते, ते त्यांना पहिल्यांदा कुणीतरी असं दिलं होतं.

"माझी चूक लॉगमध्ये नाही, ते बरं झालं," काका म्हणाले. "पण मग साहेबाने केलं तेही कुठे नाही. दगडावर नाही, रजिस्टरात नाही, त्या बिचाऱ्या जीनला माहीत नाही. उद्या मी गेलो की संपलं."

नोंदीची शेवटची ओळ अशी होती: वरील गोष्ट चीफ इंजिनियर आर. जी. टॉड यांनी लिहिली नाही. खाली काकांची सही होती आणि शेजारी साक्षीदारासाठी जागा सोडली होती. मी पेन घेऊन माझं पूर्ण नाव लिहिलं, मधल्या वडिलांसकट.

काकांनी शाई वाळेपर्यंत वही उघडी ठेवली.

"हिची एक कॉपी टाइप करून जीनला पाठव, पुणेकर," ते म्हणाले. "झालं होतं रे हे सगळं. साहेबाने केलं होतं."