घोड नदीतलं शेवाळ आणि आबांचा फोटो

कंपनीच्या फोटोस्पर्धेचं बक्षीस यंदा माझंच, हे मी कधीच ठरवून टाकलं होतं! विषय होता ‘निसर्गाची नक्षी’. बाकीचे कोकणात जाऊन समुद्रातलं शेवाळ टिपणार. म्हटलं, आपली घोड नदी काय आटली का? शेवाळ तिच्यातही आहे, आणि गाडीभाडं वाचतं!

रजा टाकली आणि फोटो पाठवायच्या शेवटच्या दिवशी भल्या सकाळी गाठला घाट. धुकं असं, की स्वतःचे पाय दिसेनात. सॅक पाठीवर तशीच ठेवून खडकावर पालथा पडलो आणि पाण्यातल्या शेवाळावर कॅमेरा रोखला. बघता बघता त्या नक्षीत मिशा दिसायला लागल्या. मग नाक. मग एक डोळा, थेट माझ्याकडे लागलेला! कसंबसं बटण दाबलं, तोच मागून बाईचा आवाज आला.

“आवं, कशात जीव अडकलाय तुमचा?”

माझी बोबडीच वळली! तेवढ्यात पाठीवर काहीतरी धपकन बसलं.

धुकं जरा विरळ झालं तेव्हा कळलं. मागे न्हावऱ्याच्या कोंडिबाआबांचा दहावा चालला होता. पिंडाला कावळा शिवत नव्हता. तो बसला होता माझ्या सॅकवर! आत भाकरी होती हो, पण सांगता कुणाला?

“क्यामेऱ्याकडं बघतोय त्यो!” आबांचा मुलगा मल्हारी ओरडला. “आये, आबांना फोटो पायजे! फ्लेक्सवर आपुन आधार कार्डाचा लावनार, म्हून रुसल्यात!”

“काढा वो दादा एक,” आबांच्या पत्नी धुरपदाबाई रडत म्हणाल्या.

“अहो, पण आबा तर...”

घाबरून मी कॅमेऱ्यातलं शेवाळच पुढे केलं. म्हातारीनं हंबरडा फोडला. “ह्येच त्ये! डोळासुदिक तसाच बारीक!”

“आबा, ह्योच लावतो!” मल्हारीनं हात जोडले.

कावळा उडाला आणि सरळ पिंडावर जाऊन बसला! माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. म्हातारीकडे बघून गलबललंही. फोटो मल्हारीला पाठवला, स्पर्धेलाही पाठवला. मल्हारीला एवढंच म्हणालो, “खाली माझं नाव तेवढं टाका.”

तेराव्याला चौकात फ्लेक्स लागला. भावपूर्ण श्रद्धांजली, वर नुसतं ‘आबा’, मधे शेवाळाचं तोंड आणि त्याखाली ठळक अक्षरांत: शंभू ठोंबरे!

रजा संपवून कंपनीत गेलो, तर गेटवरच्या नागसेनच्या हातातला चहाच सांडला.

“शंभूभाऊ... तुमी?”

“व्हय, मीच! बक्षिसाचं काय झालं?”

तो भिंतीला टेकला. “पैला नंबर तुमचाच आल्ता. पन सायबांनी चौकातला फ्लेक्स बघितला. मग सगळ्यांनी उभं राहून मौन पाळलं, आन् बक्षीस दुसऱ्याला दिलं.”

गेटवर एक कावळा बसला होता. मी मुकाट्यानं भाकरीचा तुकडा त्याच्यापुढे टाकला. शिवेना! शिवणार कसा? माझा जीव बक्षिसात अडकलेला ना!