ओलं आभाळ

जाड कागदाचा तो शेवटचा ताव होता आणि चित्र संध्याकाळी प्रदर्शनाला द्यायचं होतं. निवृत्त हेडक्लार्कांनी फळीला टेकू दिला, रुंद ब्रश निळ्या रंगात बुडवला आणि श्वास रोखून आभाळ वरून खाली आणायला घेतलं. जलरंगाच्या वर्गातल्या बाईंनी बजावलं होतं, "आभाळ एका दमात उतरवायचं. मध्ये थांबलात की डाग पडणार, आणि मग ब्रह्मदेव आला तरी तो निघणार नाही." आजवर त्यांची अकरा आभाळं अशीच वाया गेली होती.

तिसरा पट्टा ओढला आणि बाथरूममधून बायकोचा आवाज आला.

"अहो, लॅच अडकलंय."

"जोर लाव जरा."

"लावला. मूठ हातात आलीय माझ्या."

पट्ट्याच्या कडेला रंग ओथंबला होता. उठावं तर आभाळ जातं, न उठावं तर संसार. "सुताराला बोलावलंय," त्यांनी दिली ठोकून.

"तुम्ही कधी बोलावलंत? मीच केला फोन आतून."

बेल वाजली. ते धावत दाराशी गेले, धावत परतले. मागोमाग आलेला सुतार बाथरूमकडे न जाता फळीपाशीच थबकला.

"साहेब, कड वाळायला लागली."

"दिसतंय मला. तू आधी दार बघ."

"दार कुठं पळून जातंय? पॉलिशचंही असंच असतं. हात थांबला की पट्टा दिसलाच." त्याने ब्रश उचललासुद्धा. "पेटीत पेचकस आहे. मुठीचे चार स्क्रू काढा, आतला दांडा पकडीनं फिरवा."

हेडक्लार्क गुडघ्यांवर बसले. चौथा स्क्रू गंजलेला. कपाळावरून घाम ओघळला.

"खाली रंग पातळ करत ने रे," ते मान न वळवता म्हणाले.

"नेतोय. तुम्ही पेचकस दाबून धरा."

"आणि डावीकडे फिरवा," आतून सूचना आली.

स्क्रू निघाला, पकडीनं दांडा फिरवला आणि खट्ट झालं. दार उघडलं. बायको तडक फळीपाशी गेली. आभाळ वर गर्द, खाली हलकेच विरलेलं, डाग औषधालाही नाही.

"कुणी काढलं हे?"

सुताराच्या हातात ब्रश होता, नवऱ्याच्या हातात पकड. खोटं बोलायला जागाच नव्हती.

सुतार वाकून दार न्याहाळत होता. "काम साफ केलंत साहेब. एक ओरखडा नाही."

हेडक्लार्कांच्या हातच्या कामाला वर्षभरात कुणी बरं म्हटलं नव्हतं. ते कानापर्यंत लाल झाले.

"मग चित्राखाली नाव कुणाचं घालायचं?" बायकोने विचारलं.

हेडक्लार्क स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन बसले होते. "हीही मूठ जरा ढिली वाटतेय," ते पेचकस लावत म्हणाले.