गिरजाबाईची चौकट

यादोराव मास्तरांचा दिवाळी अंक मागच्या वर्षी होळीला निघाला. त्याच्या आदल्या वर्षी निघालाच नाही. यंदा घरभर पसरलेल्या कवितांवरून त्यांच्या बायकोचं, गिरजाबाईचं डोकं फिरलं, तेव्हा तिला गप्प करायला मास्तरांनी एक लहानशी युक्ती काढली. अंकावर तिचं नाव टाकायचं. व्यवस्थापकीय संपादक!

"काम काय रायते त्याचं?" तिनं विचारलं.

"काई नाही. नुसतं नाव."

"काम नाही तं नाव कायले?" म्हणत ती पदर खोचून थेट पवनीतल्या टेकचंदच्या छापखान्यात गेली. टेकचंदनं खरं ते सांगून टाकलं. अंक वेळेवर काढणं, हेच त्या माणसाचं काम. (मास्तरांनी पुढं दोन दिवस टेकचंदशी बोलणं टाकलं.)

झालं! गिरजाबाईनं व्हॉट्सअॅपवर स्वतःच्या आवाजात फर्मान सोडलं. अंक दिवाळीनंतर दिघोरीच्या मंडईच्या जत्रेत, जावेच्या दारासमोर विकायचा. मजकूर शुक्रवारी पाचपर्यंत, कागदावर, हातात. ज्याचा येणार नाही त्याच्या नावाखाली चौकट, आणि चौकटीत ठळक अक्षरांत : 'यांचा मजकूर वेळेवर आला नाही.'

"अवो, लोकं हासतीन त्याले," मास्तर म्हणाले.

"म्हणूनच तं छापाची हाय."

लेखक हादरले. कवी प्रवीण धानाच्या बांधीत लपलेला सापडला.

"काकू, प्रेरणा येऊन नाही राहिली."

"मी आली ना! लिही."

बांधावर बसवून तिनं कविता लिहून घेतली.

तिचा स्वतःचाही फोटो आणि चार ओळींची ओळख छापायची होती. तिथं मात्र गाडं अडलं. जाऊ तुळसा मॅट्रिक, आपण चौथी. खोटं लिहायचं नव्हतं, खरं लिहवत नव्हतं. सात कागद फाडले. आठव्यावर 'चौथी पास, पहिल्या नंबरानं' असं लिहून तो फोटोसकट कमरेच्या बटव्यात ठेवला.

शुक्रवारी सकाळपासून ती छापखान्याच्या दारात खुर्ची टाकून बसली. सगळे आले. पाचला पाच मिनिटं असताना मास्तर संपादकीय घेऊन धापा टाकत आले. तिनं ते हिसकून टेबलावर आपटलं, घड्याळात पाच वाजू दिले आणि शटरला हात घातला.

"काकू, एक रायलं..." टेकचंद म्हणाला.

"आता बरमदेव आला तरी घ्याचं नाही!" खाडकन शटर खाली.

मंडईच्या सकाळी टेकचंदनं अंकांचा गठ्ठा तुळसाच्या अंगणात आणून टाकला. गिरजाबाईनं वरचा अंक जावेच्या हातात दिला.

"वाच. पयल्याच पानावर हावो मी."

तुळसानं चष्मा लावला आणि मॅट्रिकच्या खणखणीत आवाजात वाचलं, "व्यवस्थापकीय संपादक, गिरजाबाई. यांचा मजकूर वेळेवर आला नाही."

अख्ख्या अंकात चौकट ती एकच.

गिरजाबाईचा हात बटव्याकडे गेला. सुपारीखाली कागद तसाच होता, चौथी पास, पहिल्या नंबरानं. मास्तरांनी रुमाल तोंडात कोंबला.

"टेकचंद!"

"मी सांगूनच राहिलो होतो, काकू. पन जिथी बरमदेवाचं नाही घ्याचं, तिथी तुमचं कसं घेऊ?"

गिरजाबाईनं बटव्याची नाडी आवळली. मग म्हणाली, "बरोबर छापलं. नेम तो नेम. सोड गठ्ठा."

अंक तासाभरात खपला. (तुळसानं बातमी मंडईभर फिरवली होती.) जो तो आधी तेच पान उघडायचा. आणि गिरजाबाई प्रत्येकाला दटावून सांगायची, "पुढचंही वाचा जी! माझ्यावाला सोडून सगळ्यायचा वेळेवर आला हाय."