आकाशी तात्या

आमच्या दगडूतात्यांच्या अंगात आकाशी सोडून दुसऱ्या रंगाचा सदरा पाहिलेला माणूस ढोकीत सापडायचा नाही. ऊन असो, थंडी असो, मयत असो की बारसं. तात्या साखर कारखान्यात कारकून, आणि कॉलनीत माझे शेजारी. कुणी छेडलं, की म्हणायचे, "रंग एक, डोस्क्याला ताप न्हाय!"

ताप दुकानदाराला व्हायचा. ताग्याचं टोक उजेडात नेऊन तात्या पुटपुटायचे, "मागल्यापेक्षा फिकं वाटतंय." दुकानदार कपाळावर हात मारायचा. "तात्या, सदरा शिवायचाय का सोयरीक जुळवायचीय?"

त्या मोठ्या दुष्काळात आभाळात ढग म्हणून दिसेना. पारावर एकानं पुडी सोडली, "तात्यांचा सदरा बघून आभाळानं बी तोच रंग धरलाय. एक डाव काळा घाला, पाऊस पडंल!" आम्ही खो खो हसलो. पण दोन म्हातारे खरंच हात जोडून तात्यांच्या दारात गेले. तात्यांनी त्यांना चहा पाजला. सदरा काही बदलला नाही.

पुढं त्यांच्या लेकीचं, शांताचं लगीन निघालं. बुद्धवंदना झाली, आहेर सुरू झाले. परंड्याचे व्याही गुलाबी फेटा घेऊन पुढं आले. तात्या मागं सरकले.

"फेटा नगं, पाव्हणं."

"आमचा आहेर हलका वाटला व्हय?" व्याही तापले. वऱ्हाडी उठून उभे राहिले. शांता रडकुंडीला आली.

मला राहवेना. "तात्या, घ्या की! पोरीचं लगीन मोडता का काय?"

तात्या व्याह्यांना हळूच म्हणाले, "राग धरू नगा. लहानपणी लोकांच्या उतरलेल्या कापडांचा सदरा घालायचो म्या. एक बाही लाल, एक पिवळी. शाळेत पोरं हसायची. माय म्हणायची, 'तुला एका रंगाचा सदरा शिवीन, आभाळावानी.' तिच्यानं झालं न्हाय. गेली बिचारी. तवापासून म्याच शिवून घेत आलोय, अंगावर दुसरा रंग चढू दिला न्हाय."

व्याह्यांचा फेटा धरलेला हात खाली आला. डोळे पुसत म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, तात्या."

तात्यांनी शांताकडं पाहिलं. मग व्याह्यांपुढं मान वाकवली.

"बांधा पाव्हणं. नातीच्या लग्नात माय रागावायची न्हाय."