सगळे अपघात उतेकरकाकांना

आमच्या कंपनीच्या व्हिडिओंमध्ये पहिला सोडला तर आजवर जेवढे अपघात झाले, ते सगळे एकाच माणसाला झाले. ॲसिड उतेकरकाकांच्याच हातावर सांडलं, शिडीवरून तेच पडले, फोर्कलिफ्टखाली पायही त्यांचाच आला. नवीन कामगार पहिल्या दिवशी सेफ्टीचे व्हिडिओ बघून बाहेर येतात, तर टपरीवर काका बशीतून चहा पीत बसलेले. मागे एकाने विचारलंच, "काका, तुमी हाव अजून?"

"नाय रे. चहापुरता वरून खाली आलोय."

महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका केमिकल कंपनीत मी ट्रेनिंग विभागात आहे. व्हिडिओ मी बनवते. मला माणसांपुढे बोलण्यापेक्षा कॅमेऱ्यामागे उभं राहणं बरं वाटतं. काकांचं उलटं. ते प्लांटचे जुने ऑपरेटर, गावच्या शिमग्याच्या खेळात वर्षानुवर्षं संकासुराचं सोंग घेतलेले. मी स्क्रिप्टमध्ये 'कामगार घसरतो' एवढंच लिहिते. काका आधी घरच्यांची आठवण काढतात, मग डोळ्यांपुढे अंधारी आणतात, मग घसरतात. हातावर ॲसिड सांडलं तरी छाती धरतात. शॉक लागल्याचा सीन तर कॅमेऱ्याची बॅटरी संपली तरी चालूच होता.

"काका, थोडं आवरतं घ्या," मी म्हणते.

"नीट मरू दे गो बाय मला."

पण सगळे अपघात त्यांच्याच वाट्याला आले ते या हौसेमुळे नव्हे. पहिल्या व्हिडिओत निलेश नावाचा तरुण हेल्पर पडला होता. मास्क न लावल्याने बेशुद्ध होतो, शेवटी उठून "मास्क लावा" म्हणतो, असा साधा व्हिडिओ. त्याने तो कौतुकाने घरी पाठवला. पोलादपूरच्या वरच्या वाडीत नेटवर्क अर्धंच पोचतं. व्हिडिओ अडकला तो निलेश जमिनीवर पडलेला असताना.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने त्याची आई कंपनीच्या गेटवर हजर. निलेश डबा हातात घेऊन बाहेर आला. तिने वॉचमनसमोर त्याच्या पाठीत धपाटा घातला. "मेल्यागत पडायचा पगार घेतोस काय रे?" आणि मग ती तिथेच खाली बसली. काकांनी तिला चहा पाजला, एसटीत बसवून दिलं आणि परत येऊन मला नियम सांगितला.

"ज्याला घरी कोन बघनारं हाय, त्यानं पडायचं नाय."

तेव्हापासून काका पडतात.

यंदा टाकीत उतरण्याआधी हवा तपासण्याचा व्हिडिओ करायचा होता. आमचे साहेब म्हणाले, "दर वेळी तोच माणूस मरतो. लोक हसतात. निलेशला घ्या. नाहीतर मी हे काम पुण्याच्या एजन्सीला देतो." म्हणजे माझा कॅमेरा गेला असता.

मी काकांना सांगितलं. त्यांनी हाताची घडी घातली. "निलेश पडनार नाय. मी हाय की."

"तुमच्या घरचे नाही का बघत?"

"घरी कोन? बायको गेली, पोरबाळ नाय. कुलूप बघतंय काय व्हिडिओ?" नोकरीसाठी लागणारी पात्रता सांगावी तशा सुरात ते म्हणाले. "पडायला मोकळा मानूस लागतो गो."

शेवटी आमच्या दोघांचं ठरलं, काकांवरच शूट करायचं. पण लोक हसणार नाहीत असं. "थोडक्यात मरतो," त्यांनी कबूल केलं.

आणि त्यांनी शब्द पाळला. टाकीच्या तोंडाशी बसले, आत वाकले, आणि काहीही न करता बाजूला कलंडले. छाती नाही, आठवण नाही. हेल्मेट घरंगळत माझ्या पायाशी आलं. ते उठतील म्हणून मी वाट बघितली. मग कॅमेरा तसाच सोडून धावले. "काका" म्हणून मी एवढ्या मोठ्याने हाक मारली की पॅकिंगमधली माणसं बाहेर आली. माझा आवाज त्यांनी पहिल्यांदाच ऐकला असावा.

काकांनी एक डोळा उघडला. "नीट मरू दे की गो." मग माझ्या तोंडाकडे बघून उठून बसले. "रडतेस काय?"

"नाही."

"बरं." त्यांनी कॅमेऱ्यापाशी जाऊन हेल्मेट उचललं, त्यावरची धूळ झटकत राहिले. "आता आपलं जमनार नाय. दुसरा कोन तरी शोध."

"का?"

"नियम हाय ना. आता मला बी बघनारं हाय कोनतरी."

टाकीच्या व्हिडिओत आता भाताचा पेंढा भरलेला बॉयलर सूट पडतो. साहेबांनी तो पास केला. लोक हसत नाहीत. फक्त तो कलंडतो तेव्हा कडेने काकांचा हात येतो आणि त्याचं डोकं जमिनीवर आपटू देत नाही. तेवढं कापा, असं साहेब म्हणाले होते.

मी कापलेलं नाही.