शिंपल्याच्या सर्कलचा पहारा

संध्याकाळी पाच वाजता कमळाबाई चाळीच्या फाटकाशी येऊन उभ्या राहायच्या आणि समोरच्या इमारतीतल्या शांताला फोन लावायच्या. शांता पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत येऊन फोन उचलायची. दोघींच्या मध्ये जेमतेम साठ पावलांचा रस्ता होता.

"तू माका दिसतंस," कमळाबाई म्हणायच्या.

"तू पण माका दिसतंस. साडी नवी काय गो?"

"खयची नवी. गौरीतली ती."

दीड महिन्यापूर्वीपर्यंत हे संभाषण समुद्राच्या कठड्याजवळच्या बाकावर, मांडीला मांडी लावून व्हायचं. तीस वर्षं दोघी प्रभादेवीच्या याच रामेश्वर निवासात शेजारी राहिल्या. मुलाने पलीकडे फ्लॅट घेतला म्हणून शांता गेली, पण समुद्र पलीकडेच असल्यामुळे कमळाबाईच रोज रस्ता ओलांडून जात. मग एका स्कूटरवाल्याने त्यांच्या हातातली पिशवी, आतल्या चकल्यांसकट, हँडलला अडकवून पार पुढच्या नाक्यापर्यंत फरफटत नेली. पिशवीच्या जागी आपणही असू शकलो असतो हे कमळाबाईंच्या लक्षात आलं आणि पाय जे फाटकाशी थबकले ते थबकलेच. शांताच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे तिचा प्रश्नच नव्हता.

या साठ पावलांत शिंपल्याचं सर्कल होतं. मधोमध सिमेंटचा मोठा शिंपला आणि भोवती पाच रस्ते. समुद्राकडून येणाऱ्या गाड्या शिंपल्याला अशा काही वळसा घालत की बघणाऱ्यालाच ब्रेक दाबावासा वाटे. एके काळी तिथे झेब्रा पट्टे होते. नवीन डांबर पडलं तेव्हा ते खाली गेले आणि वर यायचं विसरले.

शेवटी नाना गावड्यांनी महापालिकेकडे अर्ज केला. नाना म्हणजे चाळीचे सर्वेसर्वा. गिरणीतून निवृत्त झाल्यापासून त्यांनी अर्ज करण्यात खंड पडू दिला नव्हता. आश्चर्य म्हणजे या अर्जाला उत्तर आलं, आणि उत्तरापाठोपाठ अपूर्वा नावाची एक तरुण इंजिनीयर आली.

"गुरुवारी पाच ते सहा मी इथे मोजणी करणार," ती म्हणाली. "तासाभरात चारशेच्या वर माणसं क्रॉस झाली तर पट्टे, दोन गतिरोधक आणि मध्ये उभं राहायला जागा, सगळं मिळेल. गाड्यांचा वेगही मोजणार. फक्त एक आहे काका, सगळं रोजच्यासारखं असू द्या."

"रोज तर कोणीच जात नाही, मॅडम. भीती वाटते. म्हणूनच अर्ज केलाय ना."

अपूर्वाने जरा विचार केला. "ते बरोबर आहे," ती म्हणाली, "पण फॉर्ममध्ये भीतीचा रकाना नाहीये."

त्या संध्याकाळी नानांनी चाळीची बैठक बोलावली. चारशे हा आकडा जमवणं कठीण नव्हतं. चाळीत चौसष्ट खोल्या होत्या आणि बहुतेक सगळ्यांना पाय होते. प्रश्न होता तो शिस्तीचा, आणि शिस्त म्हटलं की नानांना एकच गोष्ट सुचे. चाळीच्या देवळात दर श्रावणात भजनाचा सप्ताह बसतो. सात दिवस, अष्टौप्रहर भजन. कोण किती वाजता उभं राहणार त्याची पहाऱ्यांची यादी गेली अडतीस वर्षं नाना करत होते. एकाने गळ्यातली वीणा काढायची ती थेट दुसऱ्याच्या गळ्यात घालायची, जमिनीला टेकवायची नाही. अडतीस वर्षांत ती एकदाही टेकली नव्हती आणि हे नाना नव्या माणसाला पाचव्या मिनिटाला सांगत.

त्यांनी वहीचं पान फाडलं आणि सहा पहारे आखले. दर पहारा दहा मिनिटांचा.

कुरियरवर कामाला असलेला दीपक मागे उभा होता. "नाना, मध्ये दोन-दोन मिनिटांचा गॅप ठेवू या ना. गाड्यांना पण जायला पाहिजे."

"सप्त्यात गॅप असतो का रे?"

"नाना, हा सप्ता नाही, सर्व्हे आहे."

"पहारा तो पहारा. खंड पडता कामा नये," नाना म्हणाले, आणि बैठक संपली.

गुरुवारी पाचला पहिला पहारा निघाला. अपूर्वा कोपऱ्यात स्टुलावर बसली होती, हातात मोजणीचं यंत्र, शेजारी वेग मोजणारा कॅमेरा. सगळं नैसर्गिक दिसावं म्हणून प्रत्येकाने हातात काहीतरी घ्यावं, असं नानांचं फर्मान होतं. त्यामुळे लोक छत्र्या, दळणाचे डबे, इस्त्रीचे कपडे घेऊन पलीकडे जात होते आणि तेच घेऊन परत येत होते. एका टोकाचा शेवटचा माणूस उतरायच्या आत दुसऱ्या टोकाचा पहिला चढत होता. नाना फाटकावर घड्याळ धरून उभे होते.

पाच वाजून दहा मिनिटांनी शिंपल्याभोवती गाड्यांचा पूर्ण वेढा पडला. सव्वापाचला पाचही रस्ते भरले. हॉर्न सुरू झाले, पण चाळीला ढोल-ताशांची सवय असल्याने कोणी मान वळवली नाही. एका बसच्या ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि टपरीवर चहा सांगितला. त्याच्यामागे कंडक्टरही आला.

"काकी," अपूर्वा न राहवून चाळीतल्या मेघनाला म्हणाली, "हा कुकर चौथ्यांदा चाललाय."

"शिट्टी बिघडलीय गं. दुरुस्तीला नेतेय."

"पण तुम्ही तो परत आणताय."

"दुकान बंद आहे ना," मेघना म्हणाली आणि पाचव्यांदा निघाली.

कमळाबाईंचं नाव सहाव्या पहाऱ्यात होतं. दीड महिन्यात पहिल्यांदाच त्यांनी रस्त्यावर पाऊल टाकलं. दोन्हीकडे गाड्या निमूट उभ्या, मध्ये ओळखीची माणसं. त्यांना जत्रेत आल्यासारखं वाटलं. पलीकडे पोचून त्यांनी मागे बघितलंसुद्धा नाही. शांता काठी टेकत खाली आलीच होती. दोघी बाकावर बसल्या, आणि दीड महिन्याचं साचलेलं बोलणं निघालं.

ठीक सहाला नानांनी हात वर केला. चाळ घरी गेली, गाड्या सुटल्या, आणि ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं होतं त्या कमळाबाई पलीकडेच राहिल्या. त्या रात्री त्या शांताकडे जेवल्या, तिथेच झोपल्या. सकाळी दीपक बाइक घेऊन गेला आणि पाच रस्ते फिरून त्यांना घरी घेऊन आला.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. नानांनी ते देवळासमोर सगळ्यांदेखत फोडलं आणि खड्या आवाजात वाचायला घेतलं. "एका तासात रस्ता ओलांडणारे पादचारी, एक हजार तीनशे सत्तेचाळीस." टाळ्या पडल्या. नानांनी हात वर करून त्या थांबवल्या. "वाहनांचा सरासरी वेग, ताशी दोन किलोमीटर."

इथे त्यांचा आवाज जरा खाली आला. पुढचं त्यांनी आधी मनात वाचलं, मग नाइलाजाने मोठ्याने. "सबब, सदर चौकात सर्व वाहनचालक पादचाऱ्यांसाठी आपणहून थांबतात, असे निदर्शनास आले आहे. येथे पट्टे, गतिरोधक अथवा अन्य उपायांची आवश्यकता नाही. सदर चौक इतर चौकांसाठी अनुकरणीय आहे."

दीपकने "मी बोललो होतो" हे वाक्य तोंडात आणलं आणि नानांचा चेहरा बघून गिळलं. अडतीस वर्षं ज्या गोष्टीचा अभिमान बाळगला तिनेच घात केला, हे नानांना फार लागलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुपारी कमळाबाईंच्या दारात जाऊन उभे राहिले.

"वहिनी, माझ्यामुळे गेलं तुमचं. त्या पोराचं ऐकायला हवं होतं."

कमळाबाई तांदूळ निवडत होत्या. "ता शेवटचा परत वाचा, नानानू. गाड्या थांबतात ता."

नानांनी वाचलं.

"खाली शिक्को आसा?"

"आहे. सहीसुद्धा आहे."

"मग तो कागद माका देवा," कमळाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मेघनाने झेरॉक्सच्या दुकानातून त्या पत्राची वर्तमानपत्राच्या पानाएवढी प्रत काढून आणली, त्यातलं ते वाक्य लाल पेनाने अधोरेखित केलेलं, वरून लॅमिनेशन. पाच वाजता कमळाबाई फाटकाशी आल्या. आज त्यांनी फोन लावला नाही. दोन्ही हातांनी कागद छातीसमोर धरला आणि रस्त्यावर एक पाऊल टाकलं. समुद्राकडून येणारा एक टेम्पो कर्कश ब्रेक लावून थांबला.

"काय आजी, मोर्चा आहे काय?"

"वाच. तुका वाचूक येता मां?"

टेम्पोवाल्याने ओठ हलवत वाचलं. "मी आपणहून थांबतो? कोण बोललं?"

"सरकार बोलला. शिक्को बघ."

त्याने शिक्का बघितला. सरकारदरबारी आपली अशी नोंद आहे हे त्याला नवीन होतं, आणि ती खोटी पाडावी असं काही त्याला वाटेना. त्याने इंजिन बंद केलं. मागचे हॉर्न वाजवायला लागले तेव्हा त्यानेच खिडकीतून मान काढून त्यांना गप्प केलं. "थांब रे, सरकारी काम आहे."

फाटकातून नानांचा आवाज आला. "वहिनी, पलीकडे पोचेपर्यंत कागद खाली टेकवायचा नाही."

गॅलरीतून शांताने फोन लावला होता. तो कमळाबाईंच्या कमरेच्या पिशवीत वाजत राहिला, पण त्यांचा एकही हात रिकामा नव्हता.

पलीकडच्या फुटपाथवर एक म्हातारे गृहस्थ उभे होते. शांताच्याच इमारतीतले माधवराव. दाढी छातीपर्यंत आलेली. त्यांचा जन्माचा न्हावी चाळीच्या बाजूला होता आणि ते चार महिने पलीकडे अडकले होते.

"बाई, जरा देता का तो?" त्यांनी विचारलं.

कमळाबाईंनी क्षणभर कागदाकडे बघितलं. मग वीणा देतात तसा, अधांतरीच, तो त्यांच्या हातात दिला आणि शांताचा हात धरून बाकाकडे निघाल्या. परत जाताना काय करायचं याची त्यांना काळजी नव्हती. फाटकाशी नाना कागदाचे पहारे आखायला वहीचं कोरं पान उघडून बसले होते.